घोड्याचे मागचे पाय

खुर्च्या विणणाऱ्याचं काम असं, की ते पुरं झालं की त्यावर कुणीतरी बसतं. मग ते दिसत नाही. त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालायच्या, नरम झाल्या की चौकटीच्या भोकांतून ओढायच्या, भोकात लाकडी खुंटी ठोकून ताण धरायचा. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या. तीन दिवस मान खाली. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक येऊन बसायचं, दोनदा हलून बघायचं, "झकास" म्हणायचं आणि खुर्ची उचलून चालतं व्हायचं.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे सलून. सलूनवाला त्याचा बालमित्र. दोघं एका बाकावर शिकले, एकाच वर्षी नापास झाले आणि एकाच दिवशी त्यांनी शाळेला रामराम ठोकला. पुढे एकाने लोकांची डोकी धरली, दुसऱ्याने खुर्च्यांची बुडं. हा विनोद सलूनवाल्याचाच. गेली तीस वर्षं तो दर गिऱ्हाइकाला नव्याने सांगायचा, आणि रस्त्याच्या अलीकडे वेतवाला दर वेळी नव्याने हसायचा.

पीक घरात आलं की गावात कापडी घोडा निघायचा. कधी सुरू झालं, कुणी सुरू केलं, कुणाला ठाऊक नाही. तपकिरी कापडाची लांब झूल, तिच्यात दोन माणसं. पुढचा ताठ उभा, त्याच्या डोक्यावर घोड्याचं मोठं तोंड. मागचा कमरेत वाकलेला, दोन्ही हात पुढच्याच्या कमरपट्ट्यावर, कपाळ त्याच्या पाठीला टेकलेलं. घोडा दारोदार जायचा, नाचायचा, मान लववायचा. घरोघरचे लोक त्याच्या गळ्यातल्या टोपलीत मूठमूठ धान्य टाकायचे. शेवटी चौकात वाजंत्री थांबायची, पुढचा माणूस तोंड काढून काखेत धरायचा, लोकांपुढे वाकायचा. उत्सव समितीच्या बाई त्याचं नाव मोठ्याने पुकारायच्या. गावभर टाळ्या वाजायच्या आणि सरबताचा पहिला पेला त्याच्या हातात जायचा.

मागचा तेव्हाही झुलीखाली वाकलेलाच असायचा. लोकांसमोर घोडा दुभंगला तर वर्ष वाईट जातं, असं सगळे मानायचे. घोडा गोदामात परत गेला, दार लागलं, की मग त्याने पाठ सरळ करायची.

हे मागचे पाय सव्वीस वर्षं वेतवाल्याचे होते.

ठरलं तसं नव्हतं. पहिल्या वर्षी दोघांना निवडलं, तेव्हा दोघं नदीच्या पुलावर शेंगा खात बसले होते. वेतवाला म्हणाला, "तोंड मला पाहिजे."

"मलाही पाहिजे की."

"मग असं करू. एक वर्ष तू, एक वर्ष मी."

"दिला शब्द. पण पहिलं वर्ष माझं. मी उंच आहे."

दुसऱ्या वर्षी सलूनवाल्याचं नवं लग्न. "बायको पहिल्यांदा बघणार रे, एवढं वर्ष सोड." तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. चौथ्या वर्षी म्हणाला, वडील आजारी आहेत, त्यांनी एकदा टाळ्या ऐकल्या की झालं. वडील त्यानंतर नऊ वर्षं टाळ्या ऐकत होते. पुढेपुढे कारण सांगणंही बंद झालं. घोडा निघायच्या आदल्या दिवशी तो रस्त्यापलीकडून नुसता हात दाखवायचा, पुढच्या वर्षी, आणि वेतवाला मान हलवायचा.

त्याचा राग कसा आला नाही? आत जे होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. झुलीत अंधार. दिसायची ती फक्त खालची वीतभर जमीन आणि माणसांचे पाय. निळ्या पट्ट्याच्या चपला म्हणजे पोस्टमन. टाच फाटलेले बूट म्हणजे गवंडी. एक पाय ओढत येणारी म्हातारी म्हणजे दूधवाल्याची आई. पुढे काय आहे ते सलूनवाला सांगणार. "पायरी," तो हळूच म्हणायचा, की पायरी असायचीच. "खड्डा, डावीकडे," म्हणायचा, की डावीकडे खड्डा. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही ठेचकाळू दिलं नाही. अशा माणसावर कुणी संशय घेत नाही.

बारा वर्षांपूर्वी घोड्याच्या जुन्या लाकडी तोंडाला वाळवी लागली. बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तू वीण की वेताचं. हलकंही होईल." त्याने बावीस दिवस घेतले. नाकपुड्या, जबडा, कानांचे दोन उभे शंकू, सगळं वेताचं आणि वरून कापड मढवलेलं. आतली डोक्यावर बसणारी कडी त्याने सगळ्यात शेवटी विणली, स्वतःच्या डोक्यावर घेत, काढत, पुन्हा घेत. दुकानात मोजायला दुसरं डोकं नव्हतं हे खरं. पण त्याच्या मनात काय होतं तेही खरंच होतं.

सलूनवाल्याने ते चढवलं आणि मान हलवली. तोंड डगडगलं.

"ढिलं आहे रे."

"तुझं डोकं लहान. पुढच्या वर्षी मी घालीन, मग बघ कसं बसतं."

सलूनवाला खूप हसला. घरून तोंडाच्या कडीत काहीतरी कोंबून आला आणि त्या वर्षीही पुढे उभा राहिला.

यंदा मात्र सलूनवाल्याचे गुडघे गेले. गिऱ्हाइकाची दाढी करतानाही तो स्टुलावर बसू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, नाच विसरा. वेतवाल्याला मित्राचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी पोटात असं काही लकाकलं की त्याची त्यालाच शरम वाटली. त्याने बायकोला सांगितलं. बायकोने पाट्यावरची चटणी वाटता वाटता त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच?"

"दुसरं आहे कोण?"

मग रोज दुपारी दुकानाची फळी लावून तो घरात सराव करू लागला. डोक्यावर रिकामी परडी आणि खोलीतल्या खोलीत नाच. बायको दारात बसून बघायची.

"अहो, मान वर. घोडा आहात, कासव नाही."

"वरच आहे."

"ही वर? मग खाली कशी असते?"

सव्वीस वर्षांची वाकलेली पाठ. दुपारी भिंतीला टेकून उभा राहायचा, टाचा, कुल्ले, खांदे, डोकं, सगळं भिंतीला लागेपर्यंत. दहाव्या दिवशी डोकं लागलं. बायकोने टाळी वाजवली.

उत्सवाला आठवडा उरला असताना बाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. जाळी मधोमध फाटली होती. खुर्ची उलटी करून तो टोच्याच्या टोकाने भोकं तपासत होता, तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "यंदा जावयाला जरा सांभाळून घे हं. पोरगा नवा आहे."

"कुणाचा जावई?"

"अरे, सलूनवाल्याचा. तोंड तोच घेणार ना. तुला बोलला नाही?"

टोच्या त्याच्या हातातच राहिला. "बाई, यंदा तोंड माझं होतं."

 बाई मऊ आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तूच तर पहिल्या वर्षी नको म्हणालास. विसरलास?"

"मी?"

"तुझ्या मित्राने समितीला येऊन सांगितलं होतं. 'त्याला लोकांत तोंड दाखवायची लाज वाटते, रात्ररात्र झोपत नाही, त्याला पुढे यायला सांगून अवघडवू नका.' म्हणून तर चौकात मी तुझं नाव कधी पुकारत नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय. किती वर्षं जपलंय रे आम्ही तुला."

बाई गेल्या. पट्ट्या पाण्यात भिजत होत्या त्या भिजतच राहिल्या. त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. लग्नकार्यात कुणी त्याला दोन शब्द बोलायला उभं करत नसे. फोटो काढताना त्याला कडेला घ्यायचे, आणि घेताना पाठीवर मायेने थोपटायचे. पोस्टमन त्याच्याशी बोलताना डोळ्यांत बघत नसे, आणि त्याला वाटायचं पोस्टमनच शिष्ट आहे. सगळं गाव सव्वीस वर्षं त्याच्यावर दया करत होतं, आणि त्याचा पत्ता त्याला नव्हता.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यावरून त्याने विचारलं, "तुलाही?"

"लग्न ठरताना. माझ्या वडलांना तुमचे हे मित्रच येऊन भेटले होते तुमच्याकडून. म्हणाले, मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त बुजरा आहे."

"आणि तू हो म्हणालीस?"

"म्हटलं, बुजरा तर बुजरा. पीत तर नाही ना."

त्याला हसू आलं आणि मध्येच अडकलं. "मी आहे का गं बुजरा?"

 खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तेव्हाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता आहात."

दुसऱ्या दिवशी सलूनवाला काठी टेकत रस्ता ओलांडून आला. विणलेल्या स्टुलावर टेकला.

"मित्रा, जावयाला आवड आहे रे. मुलीने हट्टच धरला. मागून तू सांभाळ. मागची बाजू तुझ्याशिवाय कुणाला जमायची नाही, हे मी गावभर सांगतो."

वेतवाल्याच्या तोंडाशी सव्वीस वर्षं आली होती. पण इतकी एकदम आली की एकही बाहेर पडेना.

"बरं," तो म्हणाला.

"बघ, तुला म्हणूनच मानतो मी," सलूनवाला म्हणाला, आणि गुडघा दाबत परत गेला.

घोडा निघाला. झुलीत तोच अंधार, पण कपाळाखालची पाठ परकी. जावई भला पोरगा होता, घामाने थबथबलेला, घाबरलेला. त्याला वाट सांगायचं सुचत नव्हतं, म्हणून सलूनवाला बाहेरून काठी टेकत बरोबर चालत होता आणि ओळखीच्या आवाजात म्हणत होता, "पायरी... खड्डा, उजवीकडे..." प्रत्येक वेळी पायरी होती. प्रत्येक वेळी खड्डा होता. वेतवाला पाय टाकत होता आणि त्याच्या मनात एकच येत होतं: वाटेतले सगळे खड्डे ह्याने सांगितले. एवढा एक सोडून.

दूधवाल्याची आई पाय ओढत आली, टोपलीत मूठ टाकून गेली. गवंड्याने यंदा नवे बूट घेतले होते. मग चौक आला. वाजंत्री थांबली. पुढे जावयाने तोंड उतरवलं आणि बाईंनी त्याचं नाव पुकारलं. टाळ्यांचा आवाज झुलीत शिरला तो दर वर्षीसारखाच, गोधडीतून ऐकू यावा तसा.

वेतवाल्याने पट्ट्यावरचे हात काढले आणि पाठ सरळ केली.

घोड्याची पाठ आधी वर आली, लोक हसले. त्यांना वाटलं, घोडा माज करतोय. मग झूल सरकली आणि टाळ्या विरत गेल्या. तो उन्हात उभा राहिला, डोळे मिचमिचवत. समोर शेकडो चेहरे. त्याला एकही ओळखता येईना. त्याने नकळत मान खाली घातली आणि पाय पाहिले. हा पोस्टमन. हा गवंडी. ही बायको, तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि ती टाचा उंचावून उभी.

"अरे, आत हो," सलूनवाला दबक्या आवाजात म्हणाला. "वर्ष मोडतंय लोकांचं."

वेतवाल्याने जावयासमोर हात पसरले. पोराने गोंधळून तोंड देऊन टाकलं. त्याने ते उलटं केलं. आतल्या कडीला चहूबाजूंनी जाड पट्टी शिवलेली होती, सात-आठ पदरी. बारीक, नेटके टाके. घाईत कोंबलेलं हे नव्हतं. बारा वर्षांपूर्वी निगुतीने, मोजून, कायमचं शिवलेलं होतं. हे तोंड कुणाच्या मापाचं आहे हे ज्याला पक्कं कळलं होतं, त्याने ते शिवून घेतलं होतं. आणि तरीही दर वर्षी घोडा निघायच्या आदल्या दिवशी तो रस्त्यापलीकडून हात दाखवत राहिला होता.

खिशातला टोच्या काढून त्याने टाके उसवले.  पट्टी निघाली तशी त्याने ती सलूनवाल्याच्या हातात ठेवली.

"हे तुझं."

"अरे, पण एवढं हवं होतं तर सांगायचं होतंस ना," सलूनवाला लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"सांगितलं होतं. पुलावर. तुला एकट्यालाच सांगितलं, हे चुकलं."

त्याने तोंड डोक्यावर चढवलं. कुठे डगडगलं नाही, कुठे रुतलं नाही. मान आपोआप वर गेली. जबड्याच्या फटीतून चौक दिसत होता, पूर्ण, माणसांसकट, आणि बाई पुढे येऊन काहीतरी म्हणत होत्या. बहुतेक त्याचं नाव पुकारत होत्या. कुठूनतरी एक टाळी वाजली, मग चार.

तो नाचला नाही. दहा श्वास घ्यायला लागावा एवढा वेळ उभा राहिला. मग त्याने तोंड काढलं, हळूच, कान दुमडणार नाहीत असं जमिनीवर ठेवलं, आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला. लोक बाजूला होत गेले. वर्ष मोडलं म्हणून कुणी शिव्या दिल्या असतील, तर त्याला ऐकू आल्या नाहीत.

बायकोने त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. तुटकी चप्पल तिने हातात घेतली होती. दोघं चालू लागले.

"बसलं का हो नीट?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर बसलं."

"मग काढलंत का इतक्यात?"

त्याने तळहात नाकाशी नेला आणि पँटला पुसला.

"आत सगळा त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे."