खालच्या पट्टीवरचे चार रस्ते

"मानसाले उभं नोको ठेवू वं बाई."

हे म्हणताना काका दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचे. काउंटरशी कुणी आलं, की आधी टकटक, मग हे वाक्य. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर रागावले. मी घाबरून खुर्ची पुढे करायला धावायची. पण त्यांना खुर्ची म्हणायचीच नव्हती. त्यांचं म्हणणं, आलेल्या माणसाचा फोटो पटकन सापडला पाहिजे.

यवतमाळच्या एसटी स्टँडजवळ आमच्या शेठचा फोटो स्टुडिओ. काका कॉम्प्युटरवर बसायचे, मी फ्रेमा भरायची. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मी सांगली जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला इकडे ड्रायव्हरची नोकरी लागली, म्हणून या मुलखात आले. इथलं एकही गाव मला ठाऊक नव्हतं, आणि भाषा कानात बसत नव्हती. माऊसला हात लावताना तो काही बिघडवेल की मी, हेच कळायचं नाही.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांचं यंत्र फक्त त्यांचंच ऐकतं. काकांचा कॉम्प्युटर तसा होता. इतरांकडे फोटो शोधायचा म्हणजे आधी एक खिडकी उघडा, मग दुसरी, मग तिसरी. नाहीतर शोधायला सांगा, की पडद्यावर एक पिवळं कुत्रं येऊन शेपूट हलवत बसायचं. काकांना त्या कुत्र्याचा भारी राग. "हे धुंडून राह्यलं तवरिक गिऱ्हाइकाची गाडी सुटते," म्हणायचे.

म्हणून त्यांनी पडद्याच्या खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून नवा टूलबार घेतला होता आणि त्यात सगळे ड्राइव्ह, म्हणजे फोटो साठवायचे कप्पे, आणून ठेवले होते. एक टिचकी मारली की ड्राइव्ह उघडा, त्यातून गावं बाहेर, गावातून आडनावांनी लावलेली घरं बाहेर. ड्राइव्हची नावंसुद्धा बदलली होती. घाटंजी रोड, वणी रोड, आर्णी रोड, दारव्हा रोड. आणि प्रत्येक रोडवरची गावं एसटीच्या थांब्यांच्या क्रमानं. आधी आकडा, मग गाव.

"येनारा मानूस काय सांगते? अमक्या फाट्याच्या पुढचं गाव. मंग आपुन बी तसंच जाचं. नाव पाठ नोको करू बाई, रस्ता पाठ कर."

मी रस्ता पाठ केला. हा जिल्हा मी एसटीत बसून नाही, त्या खालच्या पट्टीतून पाहिला. सहा महिन्यांत मला घाटंजी रोडची सगळी गावं येत होती, आणि एकातही मी पाय ठेवला नव्हता.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. लग्नाचे जाड अल्बम कमी झाले. लोक एकच चेहरा मागायला यायचे. कुठल्यातरी वरातीतला, पंगतीतला, कोपऱ्यात उभा असलेला. गेलेल्या माणसाचा वेगळा फोटो बहुतेकांकडे नसायचाच. काका त्या घोळक्यातून तेवढा एक माणूस अलगद बाहेर काढायचे. त्या वेळी त्यांचं नाक पडद्याला टेकायचं आणि ओठ हलत असायचे. एक, दोन, तीन. बाण खाली, बाण खाली. मला वाटायचं, देवाचं नाव घेतात.

एकदा त्यांना दोन दिवस ताप आला. गिऱ्हाईक नव्हतं. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि घाटंजी रोड उघडला. आकड्यांमुळे नावं मला कशीतरीच दिसली. एबीसीडीचा क्रम मला नीट येतो, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं. शाळेत दाखवायचं राहून गेलं होतं. मी सगळे आकडे पुसले. गावं हजेरीपटासारखी ओळीनं लागली. काका आल्यावर बघून खूश होतील, म्हणून मी आधी काही सांगितलं नाही.

ते आले त्याच दिवशी घाटंजी रोडवरच्या गावची एक बाई आली. तिचा भाऊ आजारानं गेला होता, उद्या तेरवी होती. भाच्याच्या लग्नाचे फोटो आपल्याच स्टुडिओनं काढलेले, त्यात तो होता. पांढरी टोपी, मिशी. काकांनी टकटक केली, बाण खाली सात वेळा नेला, आडनावाचं पहिलं अक्षर दाबलं. प्रिंट निघाली. मी फ्रेम भरली, चंदनाच्या सालीचा हार घातला, कागदात गुंडाळून दिली.

बाईनं कागद सोडला आणि बघतच राहिली.

"हा आमचा नाई जी."

काका हसले. "नीट पाय वो बाई. टोपीनं येगळा दिसते."

"अजी, हे तं बाजूच्या गावचे हायेत. जिते हायेत. भावाच्या मातीले खांदा द्याले आलते ना थे! त्याईले हार काहून घातला?"

त्या आडनावाची घरं दोन्ही गावांत होती. सातव्या जागी आता दुसरंच गाव होतं.

काकांचा हात माऊसवर तसाच राहिला. मग मान न वळवता हळूच म्हणाले, "गावं हलवली का वं तुनं?"

"नीट लावली काका. क्रमानं."

"बरं केलं. आता तूच काढ. मले दिसून नाई राह्यलं."

तेव्हा मला कळलं, ओठ कशासाठी हलायचे ते. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे कधीच गेले होते; टोपीचा पांढरा डाग तेवढा कळायचा. त्यांनी तो सगळा जिल्हा मोजून पाठ केला होता, आणि मोजणी मी पुसली होती.

मी गाव काढलं, घर काढलं. बाईनं पडद्याच्या काचेवर बोट ठेवून भाऊ दाखवला. मी पडदा वाचून सांगितलं, तसं काकांनी बाईंना विचारलं, "खांद्यावर कोनाचा तरी हात हाये म्हंते हे. काढाचा का राहू द्याचा?"

"राहू द्या," बाई म्हणाली. "माहाच हाये थो."

फोटो घेऊन ती गेली, तोवर बोलणं शेठपर्यंत पोचलं होतं. शेठ आले. जित्या माणसाला हार घातला, उद्या गावात काय तोंड दाखवायचं? मी उठले. सांगणारच होते. काकांनी टेबलाखाली माझं मनगट दाबलं.

"माह्याच हातून झालं शेठ. डोयेच गेले माये. दोन वर्षं झाले, लपवून राह्यलो होतो. या बाईले बसवा इथं. तिले सारे रोड येतात."

त्या दिवसापासून त्या खुर्चीवर मी. काकांनी डबा उचलला आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले. आकडे मी परत घातले, पण ते कुणासाठी घातले, हे मलाच माहीत.

माफी मागायला मी त्यांच्या घरी जायचं रोज ठरवायची. भीती वाटायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मग एका रविवारी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, लेक येऊन काका-काकूंना नागपूरकडं घेऊन गेली, पत्ता काही ठेवला नाही.

"तुमी कोन त्याईच्या?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "त्यांनी मला शिकवलं."

"मास्तर होते का थे? आमाले तं मालूमच नाई."

"हो," मी म्हणाले, आणि पायातली चप्पल नीट करायला खाली वाकले.