उत्तर माहीत असलेला नमुना

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. सकाळी पेशंटच्या नळ्यांना हात लावण्याआधी मशीनमध्ये एक नमुना घालायचा, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. त्याला ते कंट्रोल म्हणत. तो बरोबर आला तरच पुढचं काम. एकतीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नाही. देवाधर्माचं नाव काढलं की म्हणायचे, "पुरावा आण, मग बोल."

असा माणूस त्या 'अंतर्मापन' मंडळात कसा अडकला, याचं मला आजही नवल वाटतं. तिथे मूर्ती नाही, पुजारी नाही. भिंतीवर एकच वाक्य: मानू नका, मोजा. दोन्ही हातांत पितळी दांड्या धरून डोळे मिटायचे, की मीटरची सुई मन किती शांत आहे ते दाखवणार. भाऊजी खूश! "श्रद्धा आणि बुद्धी भांडण न करता एका खोलीत बसलेली पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले. ताईला त्यांनीच नेलं. मी नाक मुरडलं तर ताई म्हणाली, "अगं, यांनी पारखलंय. आणखी काय हवं?"

चार वर्षं ताईची सुई चढत राहिली. ती ऐंशीवर गेली तेव्हा मंडळाच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताईने कुणालाही न सांगता मधुमेहाचं इंजेक्शन बंद केलं.

भाऊजींना हे कळायला दहा दिवस गेले. ते ओरडले, तर ही म्हणते, "मोजलंय ना? मग?"

तसेच उठून ते मंडळात गेले आणि दोन दांड्यांच्या मध्ये ओलं फडकं ठेवलं. सुई नव्वदवर. रोज सकाळी लॅबमध्ये जे करायचे, ते भाऊजींनी इथे चार वर्षांत एकदाही केलं नव्हतं! सर मात्र शांतपणे म्हणाले, "पाण्यातही चैतन्य असतंच की." भाऊजींनी मीटर उचलून घरी आणलं आणि ताईसमोर पुन्हा तेच करून दाखवलं. मीही तिथेच होते.

ताई हसली. "बघा, फडकंसुद्धा शांत आहे. तुम्हीच तेवढे नाही."

त्यांनी विनवण्या केल्या, मी रडले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि तो घडा भाऊजींनी स्वतःच्या हाताने पालथा घातला होता, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

दोन दिवसांनी ताई ओट्यापाशी कोसळली. तिला त्यांच्याच दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही.

त्या सकाळी तिच्या रक्ताची नळी भाऊजींच्याच टेबलावर आली होती. मशीनने दाखवलेला साखरेचा आकडा पाहून त्यांनी पुन्हा कंट्रोल लावला. मग आणखी एकदा. "जन्मात कधी कुणापुढे हात जोडले नव्हते गं," ते मला म्हणाले. "तेव्हा जोडले. म्हटलं, एवढं मशीन बिघडलेलं निघू दे."

कंट्रोल दोन्ही वेळा बरोबर आला.