आमचे देवक कोणते

बहिणीच्या लग्नाची सुपारी फुटली आणि आठव्या दिवशी मुलाच्या मामाने विचारले, "तुमचं देवक कोणतं?" वडिलांनी सांगितले, कळंबाचे झाड. त्यांचेही कळंबच होते. एका देवकाची माणसे एका रक्ताची मानतात. त्यांच्यात लग्न होत नाही. हा प्रश्न सुपारीच्या आधी विचारायचा असतो. मध्यस्थाने आडनाव, जमीन, नातीगोती सगळे पाहिले होते. देवकाचे दुसऱ्या कोणी तरी विचारले असेल, असे प्रत्येकाला वाटले होते. मुलाकडच्यांनी चार दिवस थांबतो असे कळवले. बहिणीचे एक स्थळ आधीच मोडले होते. हेही मोडले तर तिसरे दाराशी येणार नाही, असे आई चुलीपाशी एकदाच बोलली, आणि ते बहिणीने ऐकले.

मी तेव्हा अकोल्याच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो आणि रजेवर घरी, वरवटला आलो होतो. देवकाची कुठे नोंद सापडते का म्हणून वडिलांबरोबर जाऊन पटवाऱ्याचे दप्तर पाहिले. आजोबांचे नाव सापडले, पणजोबांचेही सापडले. शेतांच्या चतुःसीमा नीट लिहिलेल्या होत्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला देवकाशी कर्तव्य नव्हते.

उरले सोनाळ्याचे भाऊबंद. त्यांच्याशी लग्नाकार्याचे जाणेयेणे दोन पिढ्यांपासून सुटले होते. सुतकाचा निरोप तेवढा येत असे. वडील एकटे विचारायला गेले असते तर बाजारात बातमी झाली असती. म्हणून सोनाळ्याच्या शिवारातल्या आमच्या म्हसोबाला गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांचा नैवेद्य करायला चाललो, असे शेजारी सांगितले आणि उजाडता उजाडता आम्ही चौघे बैलांच्या दमणीत बसलो. कणीक, वांगी, तूप, गोवऱ्या बरोबर होत्या. वाटेत कोणी भेटले की आई हसून बोलत होती. बहीण सातपुड्याच्या बाजूला तोंड करून बसली होती.

सोनाळ्यात वडिलांचे एक चुलत काका होते. ऐंशीच्या घरातले, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ते आमच्याबरोबर शेतात आले. वडिलांनी पावसापाण्याचे विचारले, कपाशीचे विचारले, बैलांच्या किमती विचारल्या. देवकाचे विचारले नाही. आईने दोनदा खाकरून पाहिले.

गोवऱ्या पेटेनात म्हणून वडील कुऱ्हाड घेऊन उठले आणि म्हसोबामागच्या उंबराच्या एका वाळक्या फांदीवर त्यांनी घाव घातला.

"अरे, काय करून राह्यला बे!" काका काठी टेकत धावले. "देवकाले कुऱ्हाड लावतं? शहाणा हायेस का येडा?"

वडील कुऱ्हाड तशीच धरून उभे राहिले. "काका, आपलं देवक तं कळंब."

"कोनं सांगितलं तुले?"

"माह्या लग्नात कळंबच होता. बाबाच्या लग्नातही."

"असंन. कळंब तुह्या आजीच्या माहेरचा." काका खाली बसले आणि हसू लागले. "तुहा आजा वरवटले घरजावई गेला ना! सासऱ्याच्या घरी राह्यला, सासऱ्याची जमीन वाहिली. पोराच्या लग्नात मांडव सासऱ्यानं घातला, तं देवकही त्याचंच बसवलं. आमचा उंबर इथंच राह्यला."

बहिणीचे हात कणकेत होते. ते थांबले.

मी विचारले, "आबा, हे खरं कशावरून?"

"जा गावात. आपल्या भाऊबंदाच्या कोनत्याही घरी विचार, मांडवात काय लावता. उंबर सांगतीन. चुलीत उंबराची काडी दिसली तं माही मिशी काप."

आईने पुढचे विचारले. "पन मामंजी, आजीसासूचं देवक कळंब. म्हंजे थोडं तं लागतेच ना?"

"बाईचं देवक लग्न लागलं का नवऱ्याचं होते. देवक बापाकून येते, सूनबाई. काऊन, काय झालं?"

मग वडिलांनी सगळे सांगितले. मी गावात जाऊन तीन घरी विचारून आलो. तिन्ही घरी उत्तर उंबर होते.

वरवटचे आम्ही मूळचे, सोनाळ्याचे भाऊबंद इथूनच तिकडे गेले, असे वडील चावडीवर नेहमी सांगत. घरजावयाचा वंश असे कोणी म्हटलेले त्यांनी एरवी ऐकून घेतले नसते. मीही वंश म्हणजे बापाकडून बापाकडे जाणारी सरळ रेघ समजत होतो. आमची रेघ पणजीच्या दारात वळली होती. तीन पिढ्या आम्ही तिच्या माहेरच्या झाडाला हात जोडत आलो होतो, आणि त्याने कोणाचे वाईट झाले नव्हते.

रोडगे थोडे करपले. काकांनी चार खाल्ले आणि बहिणीला म्हणाले, "पोट्टे, तुहा पणजा सासऱ्याच्या भाकरीवर गेला म्हनून आम्ही त्याले लय हिणवलं."

"आबा, मी त्याच्या पाया पडीन," बहीण म्हणाली. चार दिवसांत ती प्रथमच एवढे बोलली.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन वडील मुलाच्या घरी गेले. काका तोंड उघडायच्या आत वडीलच म्हणाले, "आमचा आजा घरजावई होता." मुलाच्या मामाने काकांना पुन्हापुन्हा विचारले, मग गूळ मागवला.

वडील दिवेलागणीला परतले. लग्न कायम राहिल्याचे ऐकून बहीण जेवली आणि लगेच झोपली. सकाळी ऊन ओट्यावर आले तरी ती उठली नाही. आईने त्या दिवशी तिला हाक मारली नाही, आणि दळायला स्वतः बसली, तीही जात्याच्या घरघरीने तिची झोप मोडू नये म्हणून शेजारच्या घरी.