पुतळाबाईने घेतलेलं नाव

बदलापूर गावात नवी नवरी सासरी आली की नणंदा दार अडवायच्या. नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. नवरीची बोबडी वळली की तिच्या कानात उखाणा सांगायला मागे पुतळाबाई उभी असायची.

'सासू म्हणते मीठ कमी, नणंद म्हणते जास्त. जनूराव मुकाट जेवतात, त्यांचं आपलं मस्त!' हा शेजारच्या चिमीच्या लग्नातला. चिमीची सासूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली होती.

"नाव घ्यायची हौस लवकर फेडून घ्या गो," पुतळाबाई पोरींना सांगायची. "पहिल्या वर्साला नवरा नाव ऐकून लाजतो. दुसऱ्या वर्साला ऐकतच नाय. तिसऱ्याला इचारतो, काय पायजे?"

तिचा स्वतःचा नवरा तिसऱ्या वर्षापर्यंतही थांबला नव्हता. अंबरनाथला कारखान्यात लागला आणि तिथेच एका बाईबरोबर खोली करून राहिला. गावापासून चार मैलांवर! त्याला आता सात वर्षं झाली होती. बायका मुद्दाम विचारायच्या, "पुतळे, तुझा उखाणा कधी गो?" दुसऱ्याची खपली दिसली की माणसाला नख लावल्याशिवाय राहवत नाही.

तिने त्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. लग्नात दार अडवायला नणंदच नव्हती. आणि नवऱ्याचं नाव नुसतं उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने बजावलेलं. तो परत येईल त्या दिवसासाठी तिने एक उखाणा राखून ठेवला होता: 'उशीर झाला, हरकत नाही, भाकर ठेवली झाकून, अमके राव आले घरी, नाव घेते वाकून.' वेडी बाई! मनातसुद्धा ती 'अमके'च म्हणायची.

त्रेपन्न साली एका दुपारी चिमीचा जनू अंबरनाथहून कामावरून आला आणि पुतळाबाईच्या अंगणात चपला न काढताच म्हणाला, "काकी, काकाला दवाखान्यात ठेवलाय. ताप डोक्यात गेलाय."

पुतळाबाई रुळाच्या कडेने चालत निघाली. दवाखान्याच्या दारात रखवालदाराने काठी आडवी धरली.

"कुणाला भेटायचंय?"

"आमच्या घरातल्यांना."

"अगं बाई, नाव काय? नाव सांगितल्याबिगर आत सोडायचा हुकूम नाय."

आत तो तापाने फणफणत असेल आणि आपण बाहेरून त्याचं आयुष्य आणखी कमी करायचं? तिने त्याची खूण सांगितली, गाव सांगितलं, कारखाना सांगितला. रखवालदार काठी हलवेना. शेवटी तिने डोळे मिटले, आणि जन्मात पहिल्यांदा, यमकाशिवाय, म्हणाली, "हरिचंद्र."

रखवालदाराने वही चाळली.

"तो सकाळीच गेला. त्याची बायको मयत घेऊन गेली." त्याने काठी खाली घेतली. "तू कोण त्याची?"

पुतळाबाईने पदर सारखा केला.

"मी कोणी नाय. मी लोकांच्या नवऱ्यांची नावं जुळवून देते."