पांढऱ्यात झालेली चूक

रंगाच्या दुकानात मामा कामाला लागले, तेव्हा दुकानाच्या आजच्या मालकाला नीट बोलताही येत नव्हतं. आता तो अखंड बोलतो आणि मामा गप्प राहून रंग कालवतात. दोघांचंही बरं चाललं आहे. मामा खरं तर कोणाचेच मामा नाहीत. पण गिऱ्हाइकांपासून मालकाच्या वडिलांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत आले, त्यामुळे त्यांच्या बायकोला आपोआप मामी व्हावं लागलं.

कंपनीने दिलेलं रंग मिसळण्याचं यंत्र दुकानाच्या कोपऱ्यात आहे. त्यावर मालक हेल्मेट ठेवतो. काम मामांच्या हातावर चालतं: पांढऱ्या बेसचा, म्हणजे मूळ रंगाचा, डबा उघडायचा, त्यात थेंब थेंब रंग सोडायचा, लाकडी पट्टीने ढवळायचं, झाकणावर रंगाचं एक बोट ओढायचं, फुंकर मारून ते वाळवायचं आणि मान तिरकी करून बघायचं. रंगांचं पुस्तक टेबलावर असतं, ते गिऱ्हाइकांसाठी. मामांना लागत नाही. निदान ते तसं म्हणतात.

दुकानाचा एक जुना नियम आहे. मामांच्या हातून रंग बिघडला, तर तो डबा मामांनी अर्ध्या किमतीत घरी न्यायचा. त्यामुळे त्यांच्या घरात फिरणं म्हणजे त्यांच्या नोकरीचा इतिहास वाचणं. स्वयंपाकघर एका बँकेने नाकारलेल्या निळ्याचं. न्हाणीघर असं हिरवं, की शाळेसाठी तो रंग मागवणाऱ्या मुख्याध्यापिका तो बघून मटकन खुर्चीत बसल्या होत्या. आणि बाहेरची खोली, जिथे मामी लोकांचे कपडे रफू करतात, ती एका हॉटेलवाल्याने परत केलेल्या तपकिरीची. "हा रंग बघून माणूस न जेवता बिल मागेल," असं तो म्हणाला होता.

मामींचं म्हणणं साधं होतं. "लोकांची घरं त्यांच्या आवडीची असतात. आमचं तुमच्या चुकांचं." एकाच खिडकीची ती खोली, त्यात तपकिरी भिंती. सुईत दोरा ओवायला त्यांना दर वेळी उठून खिडकीशी जावं लागे. त्यांना पांढरी खोली हवी होती. बाकी काही नाही.

पण पांढरा घरी येणार कुठून? निव्वळ पांढऱ्यात काही कालवावं लागत नाही, म्हणून तो बिघडत नाही. आणि फिकट रंगांत मामा चुकत नाहीत. "फिकटात चूक? माझे डोळे फुटले तरच," असं ते कॉलर सारखी करत सांगत. मामी म्हणत, "मग एकदा फुटू द्या की."

शेवटी मामांनी शब्द दिला: यंदा पूर्ण भावाने, नवाकोरा, सीलबंद पांढरा. आणि नेमकं त्याच वर्षी जगाचं बिनसलं.

रंगातला पांढरेपणा एका पावडरीतून येतो. ती पावडर लांबच्या एका देशात डोंगराएवढी बनते आणि स्वस्तात विकली जाते. त्या देशाचं आणि दुसऱ्या एका मोठ्या देशाचं कशावरून तरी वाजलं. कशावरून ते दोन्ही देशांना माहीत असावं. दुसऱ्याने पावडरीवर कर लावला, मग आपल्याही सरकारने देशी पावडरीला संरक्षण म्हणून परदेशी पावडरीवर जबर कर बसवला. देशी पावडरवाल्यांनी लगेच आपला भाव परदेशी भावाच्या बरोबरीला नेऊन ठेवला आणि देशप्रेम सिद्ध केलं. भरीला भर म्हणून समुद्रातली जवळची वाट धोक्याची झाली आणि बोटी लांबच्या वळशाने येऊ लागल्या. त्या वळशाचं भाडं शेवटी आमच्या गल्लीतल्या भिंतींवर बसलं.

"लढाई तिकडे, आणि माझं बाथरूम का महाग?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"त्यांनाच विचारा," मालक म्हणाला. "मी काय तोफा विकतो?"

गडद रंगांना वेगळा बेस लागतो, त्यात ही पावडर जवळजवळ नसतेच. म्हणजे गडद रंग होते त्या भावात राहिले. लोकांनी हिशोब केला आणि गल्ली वर्षभरात काळवंडली. समोरचं घर गडद लाल झालं, शेजारचं बाटलीसारखं हिरवं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकान जांभळं करून घेतलं आणि त्याच्या बायकोने बोलणं सोडलं. घरसजावटीच्या एका मासिकाने 'गडद रंगांचं पुनरागमन' असा लेख छापला, त्यात अभिरुचीचा विकास वगैरे होता. पावडरीचा उल्लेख नव्हता.

मामींचा पांढरा अर्थातच पुढे ढकलला गेला. काम मात्र वाढलं, कारण नवे कपडेही महागले होते आणि लोक जुनेच रफू करून घालू लागले. "माझ्याकडे काम आलंय आणि उजेड गेलाय," मामी म्हणाल्या. "तुमच्या त्या देशांना सांगा जरा."

"सांगतो," मामा म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. हल्ली ते पेपर परराष्ट्राच्या पानापासून वाचत. वाटाघाटींची बातमी आली की त्यांचा चेहरा उजळे. एकदा कर थोडा उतरलाही. पण चढलेला भाव विमानाने येतो आणि उतरलेला बोटीने, तीही लांबच्या वळशाने.

अशात दुकानातली मोठी ट्यूब गेली. नवी ट्यूबही त्याच भांडणात महागलेली. मालकाने घरच्या माळ्यावरून एक जुना पिवळा बल्ब शोधून आणला आणि तात्पुरता म्हणून लावला. मालकाच्या तात्पुरत्या गोष्टी दीर्घायुषी असतात. गडद रंगांना त्या उजेडाने फरक पडला नाही. गडद ते गडद.

मग दातांचे डॉक्टर आले. दवाखाना रंगवायचा होता, आणि दातांच्या दवाखान्याला गडद लाल रंग देण्याइतकं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

"मामा, मागच्या वेळचाच. सायीचा रंग. आठवतो ना?"

मामांनी फक्त बघितलं. आठवतो ना, हा काय प्रश्न झाला! वर्षभरात पहिल्यांदा फिकट रंग मागितला होता कोणी. त्यांनी पांढऱ्याचा मोठा डबा उघडला, पिवळ्याचे थेंब सोडले, ढवळलं, झाकणावर बोट ओढलं. पिवळा जास्त वाटला. तो मारायला निळ्याचा थेंब टाकला. अजून पिवळा. आणखी थोडा निळा. आता ठीक. साय. मामांनी झाकण ठोकून बसवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर डबा घेऊन परत. दाराबाहेर उन्हात झाकण उघडलं आणि तिघेही वाकून बघू लागले. आत साय नव्हती. नीळ घालून धुतलेल्या चादरीसारखा, किंचित निळसर, डोळ्यांवर येणारा पांढरा होता.

"ही साय?" डॉक्टर म्हणाले. "म्हैस आजारी आहे का?"

यात आता पिवळा घातला तर हिरवट होणार, हे तिघांनाही कळत होतं. मालकाने डब्याकडे बघितलं, मग मामांकडे. मामींचा पांढरा दुकानात सगळ्यांना ठाऊक होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "चुकलात, का चुकवलंत?"

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हो म्हणावं तर चोर, नाही म्हणावं तर डोळा गेला. ते डबा उचलून आत गेले, बल्बखाली ठेवला आणि मालकाला हाक मारली. बल्बखाली डब्यात दुधावरची साय होती.

मालक आत-बाहेर करून दोनदा बघून आला. "बल्ब माझा, डोळा तुमचा," तो म्हणाला. "म्हणजे चूक अर्धी-अर्धी. न्या घरी अर्ध्या किमतीत."

"नियमात पूर्ण चुकीलाही तेवढंच आहे, मालक."

"मग मी कुठे नियम मोडतोय?"

डॉक्टरांना उन्हात कालवून नवा डबा दिला, आणि संध्याकाळपर्यंत दुकानात नवी ट्यूब लागली.

मामींनी दारातच विचारलं, "खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

मामांनी डबा खाली ठेवला. होकार द्यायला काय हरकत होती? बायको खूश झाली असती आणि डोळ्याची अब्रू राहिली असती. पण इतक्या वर्षांच्या संसारात मामी सुद्धा रंग पारखायला शिकल्या होत्या. "नाही गं," ते म्हणाले. "चुकलो."

"फिकटात?"

"फिकटात."

मामी एवढ्या हसल्या, की हातातली सुई कुठे गेली ते कळेना. मग दोघांनी मिळून ती शोधली, आणि सुट्टीच्या दिवशी खोली रंगवली.

आता खिडकीतून येतो तेवढाच उजेड भिंतींवरून फिरून मामींच्या मांडीपर्यंत पोचतो. दोरा त्या बसल्या जागी ओवतात. निळसर झाक त्यांना दिसते. दिवसातून एकदा त्या मामांना ती दाखवतातही.

दुकानातला पिवळा बल्ब मामांनी मागून घेतला. संध्याकाळी रफूचं काम आटोपलं की ते खोलीतला दिवा काढून तो बल्ब लावतात, हात मागे बांधून उभे राहतात आणि मान तिरकी करतात. भिंती सायीच्या होतात.

"बघ," ते म्हणतात. "अगदी हाच. डॉक्टरांनी हाच मागितला होता. म्हणजे डोळा बरोबरच होता माझा."

"मग त्यांना सांगा, दवाखाना संध्याकाळीच उघडा," मामी म्हणतात. "झालं बघून? आता माझा दिवा लावा."