कॉलेजच्या गेटवर निसटलेली चप्पल

उदगीरहून भालकीला पोचले आणि खटकचिंचोळीच्या लाल बसमध्ये खिडकीतून दस्ती (हातरुमाल) टाकून जागा धरली. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, ही रीत एकच. फरक तिकिटात. कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट. माझ्या आधार कार्डावर महाराष्ट्र, त्यामुळे सगळ्या बायकांत तिकीट काढणारी मी एकटीच. कंडक्टर माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसला.

माझी वर्गमैत्रीण महानंदा खटकचिंचोळीच्या अलीकडे, माळावरच्या छोट्याशा कला महाविद्यालयात इतिहास शिकवते. तिथल्या गॅदरिंगला मी पाहुणी होते.

वाटेत एका फाट्यावर एक म्हातारबा उतरले. त्यांच्यामागून उतरणाऱ्या मुलीची चप्पल पायरीवरच निसटली. ती वाकली, चप्पल उचलली, झटकली, घातली, पुन्हा काढली. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात बाभळीआडून पाच-सहा मुली धावत आल्या नि भराभर चढल्या. त्यांच्यामागून चप्पलवालीही परत वर आली आणि माझ्याशेजारी टेकली.

"तुटली का गं?" मी विचारलं.

"न्हाई हो अक्का. नुसत्या पोरी दिसल्या की बस थांबतच न्हाई. कोणी उतरणारं असलं तर थांबती. मग आमी चप्पल पाडताव."

ही सुजाता, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. पुढचा सगळा रस्ता मी ह्या मुलींचं कॉलेज पाहिलं. हो, बसमध्येच. डबे उघडले, सुसला (मसाल्याचे ओले चुरमुरे) हातोहात फिरला. रुसवे मराठीत, चेष्टा कन्नडमध्ये आणि कोण कुणाकडे बघतो ह्याच्या बातम्या दखनीत. कॉलेजात म्हणे तास असतात, गप्पांना वेळ कुठला?

दुपारी ज्वारीची भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) जेवत असताना सुजाता प्राचार्यांसमोर उभी राहिली. तिचं नाटक शेवटी होतं आणि परतीची बस त्याच सुमाराला. ही बस याआधी दोनदा गेटवर न थांबताच निघून गेली होती. दोन्ही वेळा सुजाता चालत घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. आता तिसऱ्यांदा असं झालं तर कॉलेज बंद, असं तिच्या बाबांनी बजावलं होतं.

"खटकचिंचोळीच्या स्टँडवर चालत जा, तिथं बस थांबतेच. नाटक पुढच्या वर्षी कर," प्राचार्य समजुतीनं म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी कुठं असणार, सर? नाटक बी करणार, बस बी धरणार."

महानंदानं माझ्याकडे पाहिलं. "बसला उतरणारं माणूस पाहिजे. मी फुकटची, मला म्हणतील गेटला स्टॉप न्हाई. तुला तिकीट द्यावं लागतं. तुला कसं टाळतील?"

नाटकात सुजाता कंडक्टर झाली होती. कोळशाची मिशी, गळ्यात पिशवी, तोंडात शिट्टी. मांडव हसून हसून वाकला. शेवट मात्र मला पाहता आला नाही, कारण महानंदानं मला स्कूटरवर घालून खटकचिंचोळीच्या स्टँडवर सोडलं होतं. बस आली. सकाळचाच कंडक्टर.

"कॉलेज गेट, एक."

"गेटला आता कोण उतरतंय, अक्का?"

"मी."

गेटवर मुलींचा घोळका होता. कंडक्टरनं तोंड वाकडं केलं, पण शिट्टी मारली. मी एक पाय खाली टाकला, आणि अहो आश्चर्य, माझी चप्पल निसटली! वाकले. गुडघे खरंच दुखतात, नाटक करावं लागलं नाही. माझ्या बाजूनं मुली एकेक करून वर चढत होत्या.

"अक्का, उतरा की लवकर! कामून खोळंबा करायलाव?"

"चप्पल गेली हो."

शेवटी सुजाता चढली, मिशीसकट. मग मीही वर आले.

"तुम्हाला इथंच उतरायचं होतं न्हवं?"

"विचार बदलला. भालकीचं तिकीट द्या."

तो काही बोलणार तेवढ्यात मागून नाटकातली शिट्टी वाजली, आणि ड्रायव्हरनं बिनदिक्कत गाडी सोडली. सगळी बस खिदळली. कंडक्टर आधी चिडला, मग मिशीकडे पाहून त्यालाही हसू आवरेना.

सुजाताच्या गावात उन्हं अजून विहाराच्या भिंतीवर होती. बाबा तिथंच उभे होते.

"मिशी पूस गं," मी म्हणाले.

"राहू द्या, अक्का. बघू दे बाबाला."

ती तशीच उतरली. बाबांनी मिशीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि तिची पिशवी हातात घेतली.

भालकीपासून उदगीरपर्यंत मी चडफडत होते. रस्ता सगळ्यांचा, बस सगळ्यांची, आणि शिकायला निघालेल्या मुलीनं चढण्यासाठी चप्पल पाडायची? पाडतात. उद्याही पाडतील. थांबणार नाही म्हणणाऱ्यांना त्यांनी थांबवून दाखवलं आहे.

उदगीरच्या अलीकडच्या थांब्यावर मी उतरू लागले. कंडक्टर घाई करत होता. रस्त्यापलीकडून दोन मुली पाठीवरच्या पिशव्या सावरत धावत येताना दिसल्या.

माझी चप्पल निसटली.