यान थांबेना
तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आला की ती दुपार आठवते. पन्हाळ्याच्या घाटात वडील चालवत असलेल्या ट्रकचे ब्रेक फेल होऊन क्लीनर गेला, तेव्हापासून ते घरातच बसून असायचे. त्यांचं मन रमावं म्हणून मी अंतराळयानाचा गेम लावून दिला. "इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगानं जात राहतं. थांबवायला उलटा जोर लावायचा," मी समजावलं. समोर अंतराळस्थानक आलं. वडिलांनी इंजिन बंद केलं, पण वेग कमी होईना. बटणं विसरून त्यांनी उजवा पाय फरशीवर गच्च दाबून धरला. यान आदळलं. पडद्याकडं बघतच ते म्हणाले, "त्यो उडी मारतो म्हणत हुता. मीच म्हटलं, बस की गप, थांबंल गाडी." आता वडील नाहीत. क्लीनरची बायको मंडईत भेटते, आपुलकीनं बोलते. तिला हे सांगावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.